दिवाकररावांनी न दिलेले मत

ॲड. दिवाकररावांची आणि माझी पहिली भेट तुमसरला, बाबूसेठांच्या राइस मिलमध्ये झाली. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया नुकताच वेगळा झाला होता. मी निर्यातीचे कागद टाइप करत होतो. मागे उभे राहून त्यांनी विचारले, "घेणाऱ्याचं नाव टाकलं, त्याची बँक कोणती ते पाहिलं का?" तेव्हापासून मी त्यांचा शिष्य. कॉलेजची पायरी न चढता परदेशांवरच्या व्यापारी निर्बंधांचा कायदा मी त्यांच्या ओसरीवर शिकलो. राष्ट्रांनी मिळून घातलेला निर्बंध आपल्याला बांधतो. एका बलाढ्य देशाने एकट्याने घातलेला बांधत नाही, तरी बँका दोहोंना सारख्याच भितात. हा फरक जिल्ह्यात त्यांच्याइतका स्वच्छ कोणी सांगत नाही. त्यांच्या खालोखाल, नमूद करायला हरकत नाही, मी सांगतो.

त्यांच्या तत्त्वनिष्ठेविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले असेलच. मी तिची किंमत पाहिली आहे. दूरच्या एका देशात युद्ध पेटले. बाबूसेठांचा उसना, म्हणजे उकडा, तांदूळ तिकडेच जायचा होता. अन्नधान्याला सूट होती. पण घेणाऱ्याची बँक अशाच एका बलाढ्य देशाच्या निर्बंधांच्या यादीत आली आणि आमच्या बँकेने हात वर केले. बाबूसेठ वकीलसाहेबांचे शाळेपासूनचे मित्र. ओसरीवर येऊन म्हणाले,

"दिवाकर, कागदावर दुसऱ्या देशातला घेणारा दाखवू. तू फक्त लिहून दे, कायद्यात बसते म्हणून."

"माल तिथंच जाऊन राहिला ना? मंग खोटं कायले लिहू? परवानगी मागू. अन्नाले मिळते."

"तोवर मिल बंद पडन!"

"मी मांगं लागतो त्याच्या. पण हे लिहिणार नाही, बाबू."

"मंग मीही तुह्या ओसरीवर येणार नाही."

वकीलसाहेब खरेच मागे लागले. परवानगी मिळाली, पण मिल बंद पडल्यावर. मला त्यांनी आपल्या कार्यालयात घेतले, मिलमधल्या इतरांसाठी साकोलीपर्यंत शब्द टाकला. परवानगी घेऊन ते स्वतः सेठांकडे गेले. सोबत मी होतो. सेठ बाजेवर पडून होते.

"आता काहून आणली?" एवढेच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

परतताना वकीलसाहेबांनी विचारले, "कायद्यानं मी बरोबर होतो ना रे?"

"हो, साहेब."

"मंग बाबू काहून बोलत नाही?"

कलम विचारले असते, तर मी सांगितले असते.

आज वकीलसाहेब पंचाहत्तरीत आहेत. सेठही त्याच वयाचे, घर दोन गल्ल्यांपलीकडे. पंचाहत्तरीच्या सोहळ्याचे निमंत्रण सेठांना मीच नेऊन दिले. त्यांनी विचारले, "दिवाकरची तब्येत कशी हाय?"

"या ना पाहायले, सेठजी."

त्यांनी निमंत्रण पुन्हा वाचायला घेतले.

वकीलसाहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि तेवढेच बाबूसेठांनाही. हा अबोला सुटायला एकट्याचे पुरायचे नाही.