लव्होनची बुटकी

टर्न बे गावातल्या एकुलत्या एका हार्डवेअरच्या दुकानात लव्होन स्कॉगन गल्ल्यामागे उभी असायची, आणि तिला गिऱ्हाइकांना खोदून खोदून विचारायची खोड होती. कोणी खिळे मागितले तर कशाला, दोर मागितला तर कशाला. अलास्कातली माणसं तशी कमी बोलतात, पण लव्होनपुढे भलेभले बोलते व्हायचे, कारण उत्तर मिळेपर्यंत ती सामान पिशवीत भरायचीच नाही.

तिचं सगळ्यात मोठं कुतूहल काचेच्या कपाटात होतं. तिथे लांब नळ्यांच्या बंदुका होत्या, मध्यम पिस्तुलं होती, आणि एका कोपऱ्यात आखूड नळीची, चव्वेचाळीस कॅलिबरची जाड गोळी मारणारी छोटी रिव्हॉल्वरं होती. गावात त्यांना सगळे बुटकी म्हणत. मूर्ती लहान पण कीर्ती महान असा तो प्रकार. लव्होनने एक गोष्ट हेरली होती. लांब बंदूक हातात घेतली की माणूस गंभीर होतो, नळीतून बघतो, भुवया आक्रसतो. बुटकी हातात दिली की तोच माणूस हसतो. पाद्री हसला होता, सुईण हसली होती, बायकोशी भांडून आलेला विमानवाला पीटसुद्धा हसला होता. का हसतात, हे तिला कळत नव्हतं.

"काय आवडलं हिच्यात?" ती विचारायची.

मासेमार म्हणायचे, दोन्ही हात जाळ्यात असतात, लांब बंदूक होडीत राहते आणि अस्वल ओढ्यात भेटतं. सुईण म्हणाली, कोटाखाली कुणाला दिसत नाही, बाळंतिणीच्या घरी बरं पडतं. पाद्री जरा वेळ विचार करून म्हणाला, "मला ती चालवायची नाहीच आहे. छातीवर वजन लागलं की रात्रीच्या रस्त्याने जरा ताठ चालतो, एवढंच." हे उत्तर लव्होनला सगळ्यात खरं वाटलं होतं. दुकानाचा मालक मर्ल मात्र तत्त्वज्ञान वगैरे मानत नसे. "घरी ठेवलेली तोफ आणि घरी झोपलेला नवरा," तो म्हणायचा, "अस्वल समोर आल्यावर दोघांचाही उपयोग शून्य. बरोबर असेल तीच बंदूक."

आणि लव्होन स्वतः? तिच्या छातीवर, गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेल्या आडव्या चामडी म्यानात पोलादी बुटकी कायमची होती. दूध आणायला जाताना होती, चर्चमध्ये होती. पण तिचा खरा मान ऑगस्टमध्ये असायचा. गावातल्या बायका ब्लूबेरी वेचायला वरच्या उतारावर जात, आणि त्याच उतारावर तपकिरी अस्वलंही त्याच कामाला येत. बायका डबे घेऊन वाकायच्या आणि लव्होन झुडपांकडे तोंड करून उभी राहायची. तिचे केस काळे होते तेव्हापासून हा पहारा तिचाच होता. तिला मूलबाळ नव्हतं, शिक्षण बेताचं, नवरा एल्रॉय मासे डबाबंद करायच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. गावात तिची ओळख काय, तर बेरीच्या दिवशी पहारा देणारी ती. हे ती कधी बोलून दाखवत नसे, पण तिचा सगळा जीव त्यात होता.

या पहाऱ्याची एक परीक्षा असे. बेरीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या बायका खडीच्या खाणीत जमत. प्लायवूडचं अस्वल एका घसरगाडीवर ठोकलेलं असे, आणि मर्ल ते चार चाकांच्या मोटरसायकलने, पहारेकरणीच्या मागे राहून, लांब दोरीने भरधाव ओढत आणी. पहारेकरीण उभी राही. जमिनीवर पांढऱ्या रंगाने रेघ मारलेली असे. अस्वल रेघेपर्यंत यायच्या आत त्याच्या अंगात गोळ्या बसल्या पाहिजेत. बसल्या की टाळ्याबिळ्या नाहीत. लव्होनची जुनी मैत्रीण डॅग्नी, जिचा एक गुडघा कामातून गेला होता आणि जिला पळणं शक्यच नव्हतं, ती कॉफीचा कप खाली ठेवून विचारायची, "शनिवारी किती वाजता?" हा प्रश्न ज्या बाईला विचारला, पहारा तिचा.

त्या वर्षी लव्होनची मान दुखायला लागली होती. डॉक्टरीण म्हणाली, मणक्यांत झीज आहे, गळ्यात वजन घालू नका. लव्होनने हे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायका प्रेमानेच म्हणाल्या असत्या, बस आता, दमलीस. त्या प्रेमाचीच तिला धास्ती होती. पोलादी बुटकी तिने खुंटीला टांगली आणि कपाटातून नवी काढली. टायटॅनियमची, हातात घेतली तर भरलेली आहे की रिकामी असा प्रश्न पडावा इतकी हलकी.

आणि हातात घेताच लव्होन हसली. काचेत स्वतःचा चेहरा बघून ती जरा वरमलीसुद्धा.

मर्लने बघितलं. "ही? तूच लोकांना सांगतेस ना?"

"काय सांगते?"

"वाहायला सोय आणि मारायला शिक्षा. वजन नाही तर धक्का कोण खाणार? तुझा हात."

"माझा हात माझ्या दंडाला आहे. तू काडतुसं दे."

"मऊ घे, कमी दारूची. त्याच बंदुकीत चालतात, धक्का निम्मा."

"मऊ? अस्वलाला काय गुदगुल्या करायच्यात?"

मर्लने खांदे उडवले आणि सगळ्यात जड काडतुसांची पेटी पुढे सरकवली.

आता यात गंमत अशी की त्या जड काडतुसांची गोष्ट लव्होन स्वतः गिऱ्हाइकांना शंभरदा समजावून सांगायची. हलक्या बंदुकीचा झटका इतका जोराचा असतो की एक काडतूस उडालं की काडतुसं बसवलेल्या फिरत्या चक्रातली बाकीची हादरतात, त्यांच्यातल्या गोळ्या आपल्या नळकांड्यांतून पुढे सरकतात, आणि एखादीने चक्राबाहेर डोकं काढलं की चक्र फिरायचं थांबतं. म्हणून विकत घेतलीत तर पाच-सहा गोळ्या ओळीने मारून बघा, ती सांगायची, आणि लोक मान हलवून घरी जायचे आणि मारायचे नाहीत. कारण एक गोळी मारली की तळहात चुलीवर ठेवल्यागत होतो. टर्न बेमध्ये बुटकी रोज अंगावर असायची आणि वर्षातून एकदाच बोलायची. लव्होनने घरामागे एक गोळी मारली, हात झटकला आणि बंदूक म्यानात घातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

एल्रॉयने खिडकीतून विचारलं, "एकच?"

"एकच पुरे. चालते ना?"

"ती चालते का नाही हे मी विचारलंच नाही. तू चालवतेस का ते बघत होतो."

"तू मासे तळ."

खाणीत त्या दिवशी ऊन होतं. बायका गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून त्यांवर बसल्या होत्या, डोनट फिरत होते. शाळेत स्वयंपाक करणारी कोरीनही आली होती आणि तिने आपल्या बापाची लांब शॉटगन आणली होती. "सहजच आणली," ती म्हणाली, आणि लाल झाली. लव्होनने तिच्याकडे पाहून मान हलवली.

मोटरसायकल गुरगुरली. अस्वल उड्या मारत निघालं. लव्होनने बुटकी काढली, पहिली गोळी मारली. प्लायवूडच्या खांद्याला भोक पडलं. दुसरी मारली, छातीला लागली. मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली, तरी तिने तिसऱ्यांदा घोडा ओढला. घोडा हलेना. तिने जोर लावला, अंगठ्याने चक्र ढकललं. चक्र जागच्या जागी गच्च. तिला कळलं काय झालंय, तिच्याइतकं गावात कुणाला कळणार होतं. अस्वल रेघेवरून आलं आणि तिच्या बुटांच्या टोकांना लागून थांबलं.

मर्लने इंजिन बंद केलं. डॅग्नीच्या हातात कप होता आणि तो तिने खाली ठेवला नाही.

"दोन तर लागल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन लागलेलं अस्वल घरी जात नाही," लव्होन म्हणाली. "आत्ता मी मेले असते. आणि माझ्यानंतर डॅग्नी, कारण तिला पळता येत नाही." मग तिने मानेचं सगळं सांगून टाकलं. मणके, डॉक्टरीण, खुंटीला टांगलेलं पोलाद. "मला हा पहारा सोडायचा नव्हता. म्हणून ही घेतली. तुमचे जीव पणाला लावून घेतली, असं म्हणा."

तेव्हाही कुणी रागावलं नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

मर्लने अस्वल परत ओढून नेलं. कोरीनला कुणी सांगायला लागलं नाही. ती उभी राहिली, शॉटगन खांद्याला लावली आणि अस्वल अर्ध्या वाटेत असतानाच त्याचं तोंड उडवलं. दुसऱ्या गोळीने मान गेली. धूर विरला. सगळ्या डॅग्नीकडे बघत होत्या, आणि डॅग्नी लव्होनकडे बघत होती. मैत्रिणीदेखत तो प्रश्न दुसरीला विचारणं तिच्याच्याने होत नव्हतं.

लव्होन चालत कोरीनपाशी गेली. ती म्हणाली, "शनिवारी किती वाजता?"

कोरीनने एकदम तिच्याकडे बघितलं. "तुम्ही... नऊला चालेल?"

"तू सांगायचं. आम्ही यायचं."

शनिवारी लव्होन येणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. ती आली. गळ्यात काही नव्हतं, हातात डबा होता. वाट चढताना छातीपाशी हात तीनदा गेला आणि तीनदा रिकामा परत आला.

उतारावर कोरीन झुडपांकडे तोंड करून उभी राहिली, जिथे लव्होन उभी राहायची त्याच खडकापाशी. बायका पांगल्या, वाकल्या. लव्होनही डॅग्नीशेजारी वाकली आणि लगेच ताठ झाली. पुन्हा वाकली, पुन्हा मान वळवून मागे बघितलं. वाऱ्याने झुडूप हललं तरी तिच्या मानेवरचे केस उभे राहत होते. इतकी वर्षं या उतारावर ती आली होती, पण झुडपांना पाठ करून कधी बसली नव्हती. डब्यात मूठभरसुद्धा बेरी पडल्या नव्हत्या.

"डॅग्नी," ती हळूच म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"आज?"

"दरवर्षी. गुडघा बघ माझा. आलं अस्वल तर मी पहिला घास."

"मग इतकी वर्षं वाकत कशी होतीस?"

डॅग्नीने बेरी तोडायचं काम थांबवलं नाही. "मागे तू होतीस ना. भीती वाटायची आणि मी वाकायचे. बंदूक तुझी कुठली, छोटी का मोठी, ते मी कधी बघितलंही नाही बाई. तू उभी आहेस एवढं बघायचे."

पहारा म्हणजे आपण या बायकांना काहीतरी देतो, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. या सगळ्याजणी दरवर्षी जीव मुठीत धरून तिच्याकडे पाठ करत होत्या, आणि तिला ते कधी दिसलंच नव्हतं, कारण तिचं तोंड नेहमी दुसरीकडे असायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने कोरीनकडे बघितलं. पोरीने शॉटगन इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मध्येमध्ये ती चोरून लव्होनकडे बघत होती. लव्होन दर मिनिटाला मागे वळून बघते आहे, हे कोरीनला दिसत होतं, आणि दर खेपेला तिचा चेहरा आणखी पडत होता.

लव्होनने डबा उचलला. ती उठून कोरीनच्या जवळ, झुडपांच्या अगदी कडेला गेली, जिथे बेरी दाट होत्या आणि जिथे बसायला कुणी धजत नसे. तिथे ती झुडपांकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली. मागे पान वाजलं. सगळं अंग वळून बघ म्हणत होतं. लव्होनने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी बेरी तोडायला सुरुवात केली.