पेटीतली निसरपूरची दारं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. देवासच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर लोक सकाळपासून मला हाका मारतात आणि मी खेकसत खेकसत त्यांची कामं करते. लोकांना आता सवय झाली आहे. मी शांत दिसले तर विचारतात, मॅडम, तबियत ठीक आहे ना?

त्या वर्षी नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस मी डॉकच्या मागे होते. डॉक म्हणजे टेबलावरचा तो चपटा डबा, ज्याची एक वायर लॅपटॉपला लावली की मोठा स्क्रीन, कीबोर्ड, इंटरनेट सगळं एकदम सुरू होतं. त्याच्या पोटात एक चिप असते, आणि त्या चिपनं कसं वागायचं हे शिकवणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. जुन्या फर्मवेअरमध्ये खोट होती, स्क्रीन मधेच काळा पडायचा. म्हणून एकेका टेबलावर जाऊन मी नवं भरत होते. काम पाच-सात मिनिटांचं, पण तेवढ्यात कुणी वायर ओढली की डॉक कायमचा गप्प. दोन डॉक असे गेले. एक तर साहेबांनी स्वतः, चहाचा कप ठेवायला जागा हवी म्हणून वायर उपटून घालवला! मग मी पुठ्ठ्यावर जाड पेननं लिहिलं, "हात मत लगाना, भिया", म्हणजे हात लावू नका, भाऊ, आणि जिथे काम चालू असेल तिथे तो पुठ्ठा उभा करायला लागले. त्यानंतर एकही डॉक गेला नाही.

हा पुठ्ठा मी धारला मामांकडे जाताना पर्समध्ये घालून नेला होता. त्याचा मला फार अभिमान होता, म्हणून सांगते.

मामा सरकारी खात्यात नकाशे काढायचे. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी चढणार म्हणून निसरपूरकडची घरं मोजायला त्यांना पाठवलं होतं. मापं घेऊन झाली, नकाशे जमा झाले, खात्याचं काम संपलं. मामांचं संपलं नाही. ते सुटीच्या दिवशी स्वतःचा कॅमेरा घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिले आणि एकेका घराच्या दाराचा फोटो काढत राहिले. फक्त दार. मी एकदा विचारलं, मामा, दारंच का? तर म्हणाले, "नकाशात प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन असतो गं. त्यात माणूस आत कुठून जायचा, तेच दिसत नाही."

मग पाणी आलं. ती दारं आता कुठेच नाहीत, मामांच्या पेटीत सोडून. पेटी म्हणजे चार डिस्क एकावर एक आडव्या सरकवायची, बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी. कॉम्प्युटरला ती एकच मोठी डिस्क म्हणून दिसते.

मामांनी नव्या वस्तीत हलवलेल्या गावकऱ्यांना कबूल केलं होतं की दसऱ्याला दुपारी तिथल्या शाळेच्या खोलीत सगळी दारं भिंतीवर दाखवीन. लोकांचे फोन सुरू झाले. एक म्हातारी तर दर दोन दिवसांनी फोन करायची. मामा ते मला फोनवर जसंच्या तसं सांगायचे. "बाबूजी, मेरा दरवाज़ा है ना उसमें?" मामा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायचे, "है माई, है. नीला किवाड़." आणि ती दर वेळी म्हणायची, "हाँ, नीला."

आणि नेमका तेव्हाच मामांचा जुना कॉम्प्युटर मेला. मी त्यांना एक वापरलेला लॅपटॉप आणि डॉक आणून दिला. पण पेटी डॉकला लावली की दिसायची आणि चार मिनिटांत गायब व्हायची. मामा फोनवर म्हणाले, "बेटा, ही पेटी लपंडाव खेळते आहे." मला दुखणं ओळखीचं होतं. डॉकचं आणि पेटीचं, दोन्ही फर्मवेअर जुनी. म्हटलं, खंडेनवमीला येते, सकाळी करून टाकू, दुसऱ्या दिवशी दाखवा खुशाल.

धारला पोचले तेव्हा मामी पूजेच्या तयारीत होत्या. आमच्या मामांकडची मंडळी पिढ्यान् पिढ्या दरबारी चाकरीतली. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, हा नेम. तलवार आता कुणाकडे आहे? मग कात्री, विळी, शिवणयंत्राचं हँडल, मामांची कंपासपेटी, टी-स्क्वेअर, सगळं चकचकीत पुसून पाटावर मांडायचं, गंध, फूल, अक्षता. ज्याच्या जिवावर घर चालतं ते हत्यार, असं मामींचं साधं गणित.

डॉकचं काम सहज झालं. मग पेटी. पेटीबरोबरच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की फर्मवेअर भरण्याआधी सगळ्या डिस्क बाहेर काढा. मी चारही डिस्क त्यांच्या ट्रेसकट ओढून काढल्या आणि बाजूच्या टेबलावर वर्तमानपत्रावर क्रमानं मांडल्या. एक, दोन, तीन, चार. क्रम माझ्या डोक्यात. पेटीच्या पुढ्यात पुठ्ठा उभा केला, इन्व्हर्टर चालू आहे ना पाहिलं, आणि काम सुरू केलं. पट्टी हळूहळू भरत गेली, हिरवी झाली. एकदम फर्स्टक्लास. मी हात वर करून आळस दिला आणि डिस्क घ्यायला वळले.

वर्तमानपत्र रिकामं होतं.

चारही डिस्क पाटावर होत्या. कात्री-विळीच्या मधोमध, फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल मांडलेल्या. प्रत्येकीवर गंध, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. मामी हात जोडून बसल्या होत्या. माझ्याकडे हसून म्हणाल्या, "बरं झालं, यंदा काढूनच ठेवल्यास. मागचं कुंकू शिळं झालं होतं, ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून घेतलं."

"मामी! अहो, कुठली कुठे होती?"

"म्हणजे?"

"पहिली कुठली, दुसरी कुठली?"

मामी पाटाकडे पाहायला लागल्या. त्यांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? चारही सारख्या, काळ्या, एकाच कंपनीच्या. मी एकीवरही नंबर घातला नव्हता.

मामा आतून आले. "अगं, एवढं काय घाबरायचं? चार आहेत ना? एक बिघडली तर तीन प्रती उरतील."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मामा समजत होते की चार डिस्क म्हणजे चार प्रती. प्रत्यक्षात ती एकच प्रत होती, चौघींत वाटलेली. एका फोटोचा तुकडा हिच्यावर, पुढचा तिच्यावर. म्हणजे दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. आणि ही पेटी अशी बावळट, की क्रम चुकवून लावल्या तर चारही नव्या कोऱ्या आहेत असं समजून स्वतःच त्यांच्यावर काहीबाही लिहायला घेते. एकदा लिहिलं की ब्रह्मदेव आला तरी फोटो परत येणार नाहीत. चार डिस्क म्हणजे चोवीस क्रम. करून बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

हे मी मामांना सांगितलं. ते खुर्चीचा हात धरून बसले आणि म्हणाले, "मग त्या माईला काय सांगू?"

आणि मी, मी काय केलं? मी मामींवर ओरडले. "प्रत्येक गोष्टीला हळदकुंकू लावायची काय गरज आहे? ही मशीन आहे, देव नाही! कुणी सांगितलं होतं हात लावायला?" वगैरे. आणखीही बोलले, ते इथे लिहवत नाही. साठी ओलांडलेल्या बाईला, तिच्याच घरात, सणाच्या दिवशी. पुठ्ठा मी पेटीपुढे लावला होता, डिस्कपुढे नाही. नंबर मी घातले नव्हते. हे मला बोलता बोलताच कळत होतं, आणि कळत होतं म्हणून मी आणखी जोरात बोलत होते.

मामी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाजसुद्धा येईना. मला माझीच लाज वाटायला लागली. मी लॅपटॉपपुढे बसून उगाच माउस हलवत राहिले.

पंधरा-वीस मिनिटांनी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता मामांना म्हणाल्या, "मी मागल्या वर्षी स्वस्तिक काढलं होतं."

"कशावर?" मी विचारलं.

"पेटीचं झाकण उघडून, पुढून. त्या चार फळ्या दिसतात ना एकाखाली एक, त्यांच्यावर. चौघींवर मिळून एकच."

मी उठले. "एकच? चार का नाही काढलीत?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका पेटीतल्या आहेत म्हणून एकच काढलं. चौघींवर वेगळाली काढली असती तर त्या चार झाल्या नसत्या का?"

मी या धंद्यात इतकी वर्षं आहे. पेटी विकणाऱ्यानं मामांना हे समजावलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मामींना मात्र ते ठाऊक होतं.

"पण तुम्ही पुसलंत ना?"

"वरून पुसलं. पण त्या जाळीत कुंकू आत जातं हो. दर वर्षी जातं, निघत म्हणून नाही."

ट्रेच्या तोंडाला हवा खेळायला बारीक भोकांची जाळी असते. मी मोबाइलची बॅटरी लावून पहिला ट्रे उचलणार, तेवढ्यात मामींनी माझा हात धरला. पूजेला लावलेलं त्या दिवशी कुणी उचलत नाही. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणतील. पण त्यांनी पाटाला हात लावून नमस्कार केला, "माफ कर रे बाबा, लोकांची दारं आहेत," असं पुटपुटल्या, आणि फुलं बाजूला करून चारही डिस्क स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवल्या.

आम्ही तिघं खाली बसलो. भोकाभोकांत लाल दाणे अडकले होते. एका ट्रेवर मधली उभी रेघ आणि वरच्या कडेला उजवीकडे वळलेली. एकावर तशीच उभी रेघ, पण खालच्या कडेला डावीकडे वळलेली. या दोघी लगेच लागल्या, वरची आणि खालची. मधल्या दोघींत गोंधळ होता. मामा भिंग घेऊन आले आणि म्हातारे नकाशेवाले लागले कामाला. पाच मिनिटं बघून म्हणाले, "ही डाव्या बाजूची रेघ वर चढते आहे, म्हणजे ही दुसरी. उजवीकडची खाली उतरते ती तिसरी." मामींनी हवेत बोटानं स्वस्तिक काढून बघितलं आणि मान हलवली.

चारही एकावर एक धरल्या. फिकट, भोकाभोकांचं, पण स्वस्तिक पुरं झालं.

एकेक नंबर मोठ्यानं म्हणत मी डिस्क पेटीत सरकवल्या. चौथी आत गेली, बटण दाबलं. चार दिवे लागले. लॅपटॉपवर एकच डिस्क आली, आणि तिच्यात एकच फोल्डर, "दारं". मामांनी पहिला फोटो उघडला. शेणानं सारवलेला ओटा, दोन पायऱ्या, एक दार. मामा तोंडावर हात ठेवून रडले. मी सगळ्यात आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करायला लावली, आणि मग मामींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. तुझा आवाज मोठा आहे, मन नाही वाईट." चार आठ दिवस पश्चात्ताप करून मिळालं नसतं ते त्यांनी मला तिथल्या तिथे देऊन टाकलं.

मी ट्रेवर जाड पेननं एक, दोन, तीन, चार घातले. मामी थांबल्या होत्या. माझं झाल्यावर त्यांनी चौघींवर मिळून नवं स्वस्तिक काढलं.

दसऱ्याला आम्ही शाळेच्या त्या खोलीत पोचलो तेव्हा बसायला जागा नव्हती. चुन्याच्या भिंतीवर एकेक दार येत गेलं, आणि लोक ओरडत गेले, ये तो काका का, ये हमारा, अरे खूँटी देख, खूँटी! पेटी अर्धा-पाऊण तास एकदाही रुसली नाही. मी तिच्याशेजारीच बसले होते, पुठ्ठा मांडीवर घेऊन.

मग निळं दार आलं. कुणी ओरडलं नाही. पुढे बसलेली एक बारीकशी म्हातारी उठली आणि भिंतीजवळ गेली. तिची सावली दारावर पडली. तिनं चपला काढल्या, एका बाजूला नीट ठेवल्या. त्या दाराची चौकट बुटकी होती. म्हातारीनं मान खाली घातली, एक पाऊल पुढे टाकलं, आणि भिंतीला लागली.

मामांचा हात बटणावर होता. त्यांनी पुढचा फोटो लावला नाही, आणि लावा म्हणून कुणी म्हणालंही नाही.