पांढऱ्या भातावरची माकडं

मी नवघर सोडलं तेव्हा आई अंगणात भात कांडत होती. निरोप द्यायला ती उठली नाही, मुसळही थांबवलं नाही. बा मिठागराच्या बांधापर्यंत सोबत आला. धुक्यात मिठाच्या राशी जमिनीपासून सुटल्यासारख्या दिसत होत्या आणि त्यांच्यामधून स्टेशनाची वाट जात होती. मागून मुसळाचा आवाज येत राहिला. पुढे मुंबईत कितीतरी दुपारी मला वाटायचं, तो आवाज अजून चालूच आहे, आपणच फार लांब आलोय.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. चार बुकं शिकलो होतो म्हणून एका प्रयोगशाळेत चिकटलो. काम काय, तर माकडांना वेळेवर जेवू घालायचं. बाला कुणी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "पोरगा दवाखान्यान हाय." माकडं आजारी पडत होतीच, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

पहिला पगार झाला आणि मी घरी गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ पाठवला. आमच्या खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला तांदूळ लाल, कोंड्यासकटचा. पांढरा भात आम्ही फक्त लग्नाच्या पंगतीत पाहिलेला. आईच्या तळहातांना घट्टे पडले होते. ते मुसळ सुटावं एवढंच माझं स्वप्न होतं. हळूहळू घरात तोच तांदूळ शिजू लागला, लाल भात कणगीत पडून राहिला. आई वाडीभर सांगत सुटली, "माज्या पोरानं मुसल कोपऱ्यान उबा केला." मीही अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा वावरत होतो.

आमचे डॉक्टरसाहेब पारशी, हळू बोलणारे. गरिबांनाच पोटाचे आजार एवढे का होतात, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. म्हणून पिंजऱ्यांच्या दोन रांगा केल्या. एका रांगेला गिरणीचा पांढरा भात आणि पातळ डाळ. दुसरीला हातसडीचा भात, पालेभाजी, दूध. काही आठवड्यांत पहिल्या रांगेची रया गेली. जुलाब, झडलेले केस, खोल गेलेले डोळे. मला वाटलं, बाहेरून कुणीतरी रोग आणला. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. "जंतू तो दोनों लाइन के पेट में हैं, भाई. फरक सिर्फ थाली का है."

पहिल्या रांगेत एक माकडीण होती. माझी चाहूल लागली की गजांतून हात बाहेर काढून बसायची. दुपारच्या सुस्तीत तिच्यासमोर भात ठेवताना तो मला मिठाच्या राशीसारखा दिसे, आणि राशीपलीकडे आमचं अंगण. अंगणात बसून पारू, माझी बहीण, तोच भात खाते आहे असं वाटून मी दचकायचो. पारू तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मग गावाकडून निरोप आला, पारूचं पोट सारखं बिघडतंय, अंगात त्राण नाही. रजा घेऊन घरी गेलो.

"आये, उद्यापासून लाल भात कांड," मी म्हटलं.

"पोटुशी पोरीला कोंडा खायाला घालू? लोक काय म्हनतील?"

मी माकडांचं सगळं सांगितलं. आई ऐकून घेतलं न घेतलंसं करून म्हणाली, "माकडांचं आयकून मुसल घेऊ का मी?"

मग मीच मुसळ उचललं. आमच्याकडे पुरुषानं मुसळ धरणं म्हणजे फुकटचा तमाशा. शेजारणी पदर तोंडाला लावून कुंपणाशी जमल्या. "बगा, मुंबयचा सायब भात कांडतंय!" तासाभरात माझ्या हातांना फोड आले. आईनं ते पाहिले आणि मुसळ हिसकावून घेतलं. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मला मात्र रडू आलं.

पारूच्या ताटात लाल भात, पेज, शेवग्याचा पाला येऊ लागला. रजा संपेपर्यंत तिचं पोट बरंचसं सावरलं. यथावकाश मुलगी झाली, दोघी सुखरूप. नुसत्या भातानं झालं असं मी छातीठोक सांगत नाही. पण आई ते शेवटपर्यंत सांगत राहिली.

मी निघालो तेव्हा आईनं उंबऱ्याशी विचारलं, "त्या माकडांना कोनी सांगला का, नको खाव म्हनून?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती आत गेली आणि नव्यानं कांडलेल्या लाल तांदळाची पुरचुंडी घेऊन आली. "ही तुज्या माकडनीला. आयशीनं दिलीय म्हन."

तो तांदूळ तिला देता येणार नव्हता. दिला असता तर सगळा प्रयोग वाया गेला असता. आणि पारूच्या ताटाबद्दल मला जे कळलं, ते या मुक्या जिवाला काहीच न कळल्यामुळे कळलं होतं. मुंबईत परतलो त्या सकाळी माकडिणीनं गजांतून हात पुढे केला. मी पांढरा भात ठेवला. तिनं खाल्ला. पुरचुंडीतला तांदूळ मी माझ्या खोलीत शिजवला आणि ताट तसंच झाकून ठेवलं. माकडीण पुढे फार दिवस जगली नाही.

आता मुंबईत माझी बायकापोरं आहेत, नळ आहे, दिव्याचं बटण आहे. नवघरला गेलो की चहा पाहुण्यासारखा हातात मिळतो. तिथं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले दोघंही विचारतात, तुझं घर नेमकं कुठलं रे? कधी न पाहिलेल्या जनावराच्या ताटाची काळजी जिच्या पोटात उठली, त्या बाईच्या दारातून मी निघालो होतो. ती पुरचुंडी जिथं देता आली नाही, तिथं मी राहतो.