चुका करून मिळतील

तिला सगळे वेलांटी म्हणत. छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर डोळा ठेवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, तेव्हा नाव अगदी चपखल बसलं होतं. पुढे मालकाने चुका दाखवणारा संगणक आणला आणि वेलांटीच्या हातात निरोपाचा पुष्पगुच्छ ठेवला. सोबतच्या कार्डावर 'आर्शिवाद' असं छापलेलं होतं. वेलांटीने ते लाल पेनाने सुधारून मालकाला परत दिलं आणि फक्त फुलं घरी नेली.

आता सुटी कामं घ्यायची आणि घरबसल्या करायची, असं तिने ठरवलं. ठरवायला काय जातं! बाजारात मंदी होती. प्रकाशकांनी हात आखडते घेतले होते, जाहिरातवाल्यांना चुकांचं सोयरसुतक नव्हतं, आणि जो तो "सध्या जरा थांबा" म्हणत होता. त्यातूनही एखादा भला माणूस 'काम आलं की नक्की कळवु' असा निरोप धाडायचा. त्यावर वेलांटीचं उत्तर तयार असे: 'कळवू. वू दीर्घ.' त्या भल्या माणसाने पुन्हा कधी काही कळवलं नाही.

इकडे जाऊबाई टपूनच बसल्या होत्या. त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. "पहिल्या तारखेपासून गल्ल्यावर ये बघू," त्या म्हणाल्या. "घरच्या घरी आहे. फक्त पाटीला हात लावायचा नाही हं!" पाटीवर 'लहाण मुलांचे कपडे' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. रोज त्या 'ण'खाली बसायचं, या कल्पनेनेच वेलांटीचा हात लाल पेनाकडे जायचा. गल्ल्यावर बसण्यात तिला कमीपणा मुळीच वाटत नव्हता. पण एकदा का तिथे बसलो की आपलं काम कायमचं सुटलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या विचाराने तिला रडू येई.

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. स्वभावाने थंड. सकाळी निघताना तो ओट्यावर चिठ्ठी ठेवायचा: 'मी ऊशीरा येइन. दुध तापव.' रात्री जेवणं झाली की वेलांटी लाल पेन घेऊन त्याच्या शेजारी बसे आणि एकेक अक्षर समजावून सांगे. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस यायचा. तो शहाण्यासारखी मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'दुध'.

"अगं, तू काम मागतेयस की लोकांच्या वह्या तपासतेयस?" एका सुट्टीच्या सकाळी तो म्हणाला. "दे इकडे फोन." आणि ती आंघोळीला गेली असताना त्याने मुलांच्या एका मासिकाला तिच्या नावाने अर्ज धाडूनही दिला: 'मी शुध्दलेखनाच्या चुका शोधुन देते. दिर्घ अनूभव.'

बाहेर येऊन वेलांटीने तो वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो, 'दीर्घ'सुद्धा ऱ्हस्व लिहिलात!"

"असू दे गं, तेवढं कोण बघतंय," तो म्हणाला आणि चहा ठेवायला गेला.

चहा उकळायच्या आत फोन वाजला. मासिकाच्या संपादकबाई होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. "चुका शोधणाऱ्याच्या अर्जातच चुका! काय डोकं आहे हो तुमचं! आमचं 'चुका शोधा' हे पान लिहिणारे गृहस्थ सोडून गेलेत. आज संध्याकाळपर्यंत नमुना पाठवा. मुलांना सापडतील अशा चुका हव्यात हं. जमलं, तर वर्षभराचा करार करू."

वेलांटीने खरं सांगायला तोंड उघडलं, जाऊबाईंचा 'ण' आठवला, आणि ते तसंच मिटलं.

मग ती चुका करायला बसली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं. 'मांजर दुध पितं' एवढं लिहायचं होतं. पण हात 'दु' लिहून थांबेचना, आपोआप उकार दीर्घ करून मोकळा होई. दुपारपर्यंत मोठ्या मुश्किलीने एक चूक जमली. ती इतकी बारीक होती, की तिची तिलाच पुन्हा सापडेना.

"अहो," शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुम्हीच लिहा ना. एरवी लिहिता तसं."

नवऱ्याने आढेवेढे न घेता कागद ओढला आणि बसल्या बैठकीला मांजराची गोष्ट लिहून काढली. काय एकेक चुका होत्या! टपोऱ्या, रसरशीत, पोरांनी झडप घालावी अशा. वेलांटी हसत हसत वाचत होती आणि मध्येच थबकली. एका ठिकाणी त्याने आधी 'दूध' लिहिलं होतं. मग ते खोडून शेजारी 'दुध' केलं होतं.

"तुम्हाला येतं?"

"इतकी वर्षं तुझ्या हाताखाली काढली. न यायला मी काय दगड आहे?"

"आणि तो अर्ज?"

"शुद्ध अर्ज तू ढीगभर पाठवलेस की. कोणी विचारलं?"

"मग रोजच्या चिठ्ठ्या हो?"

नवरा जरा घुटमळला. "एकदा बरोबर लिहिली होती. तू वाचलीस आणि ठेवून दिलीस. दिवसभर छापखान्यात डोळे फोडून यायचीस, बोलायचं त्राण नसायचं तुला. चुकलं की मात्र शेजारी येऊन बसायचीस. तासभर बोलायचीस." तो कागदाची घडी घालू लागला. "दुधावरच बोलायचीस म्हणा. पण बोलायचीस."

वेलांटीने त्याच्या हातातून कागद घेतला, घडी उलगडली, आणि पान मासिकाकडे पाठवून दिलं.

दिवेलागणीला संपादकबाईंचा फोन आला. पान फक्कड जमलंय, करार पक्का, फक्त दर महिन्याला असंच जमेल ना?

"जमेल की. आम्ही करू."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि आमचे हे," वेलांटी म्हणाली. "चुका ते करतात."

हे वाक्य तिने आजवर जाऊबाईंपुढे, शेजारणींपुढे, छापखान्यात, अगदी चारचौघांत कपाळावर हात मारून म्हटलं होतं. आज म्हणताना तो हात नवऱ्याच्या खांद्यावर होता.