पिन कुणी विसरली

तुमच्या घरातलं माणूस मनातलं तुम्हाला न सांगता दुसऱ्याच्या नातीला सांगत बसलं, तर तुम्हाला काय वाटेल? माझा जळफळाट व्हायचा. त्या जळफळाटात मी काय केलं, ते आजवर आईलाही सांगितलेलं नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, एकाहत्तरच्या लढाईत हवाई दलात होते. विमान उडवणारे नव्हे—विमानाला बॉम्ब लावणारे. त्यांच्या जोडीला वडवणीकडचे रानबातात्या, मेंढपाळाच्या घरातले. त्या तुकडीतले आपल्या जिल्ह्यातले म्हातारे दरवर्षी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर मुलानातवंडांसह जमतात. रीत अशी, की म्हाताऱ्यांनी बोलायचं नाही. त्यांची गोष्ट नातवंडाने उभं राहून सांगायची.

तात्यांची नात शीतल सांगायची, तेव्हा लोक हातातला चहा प्यायचे विसरायचे. आणि मी? मी चळवळीच्या पत्रकांवर आणि भाषणांवर वाढलेला. एकदा आबाच सगळ्यांदेखत म्हणाले, "तिच्यावानी सांग की. तू तर सभाच घेतो बे." सगळे हसले. शीतलही हसली—त्यात कुचेष्टा नव्हती, तेच जास्त लागलं. आबा लढाईचं तिच्याजवळ बोलायचे, माझ्याजवळ नाही. का? मी ऐकण्याआधीच बोलायला लागायचो म्हणून?

एका वर्षी मेळाव्याच्या तोंडावर आबांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे त्यांनी मला जवळ बसवलं—पहिल्यांदाच—आणि सांगितलं. बॉम्बला लाल फीत बांधलेली पिन असते. विमान निघण्याआधी पिना उपसायच्या आणि हात उंच करून वैमानिकाला दाखवायच्या. पिन राहिली तर बॉम्ब पडतो, फुटत नाही. एका सकाळी घाईत आबांकडून एक पिन राहिली. त्यांच्या हातातल्या फिती कमी आहेत हे तात्यांनी पाहिलं. इंजिन चालू असताना ते विमानाखाली शिरले आणि पिन उपसून आले. त्या आवाजात त्यांचा डावा कान गेला. चूक कुणाची, हे त्यांनी साहेबांना कधीच कळू दिलं नाही.

"हे सगळ्यांम्होरं सांग," आबा म्हणाले. "मला जमलं न्हाई. शीतललाबी सांगितलं न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण मला काय दिसलं—शेवटी एक गोष्ट माझ्या वाट्याला आली, आणि तीही तिच्याच आजोबांच्या मोठेपणाची.

ढाब्यावर उभा राहिलो. शीतल पुढेच बसली होती. आणि मी—मी माणसं बदलली. तात्या पिन विसरले, आबा विमानाखाली शिरले. जीभ अडखळलीसुद्धा नाही. कानाचं मुद्दाम गाळलं.

तात्या उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते.

शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं. "काय बे रानबा, पिन विसरलास व्हय? आन् इतकी वर्षं दाबून ठेवलं?"

"झालं आसंल," तात्या म्हणाले.

शीतलने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी 'राहू दे' अशी नुसती मान हलवली. मग टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या—हेही सांगायलाच हवं.

हात धुताना तात्या माझ्याजवळ आले. मी घाबरलो. त्यांनी एवढंच विचारलं, "आबाची तब्येत कशी हाय?"

दवाखान्यात आबांनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणालो. ते समाधानाने कुशीवर वळले. काही दिवसांनी गेले—मी खरं सांगितलं असं समजून.

कष्टकऱ्यांची नावं पुसणाऱ्यांविरुद्ध मी आजही पत्रकं लिहितो. शीतल त्यानंतर कधी गोष्ट सांगायला उभी राहिली नाही. ती जागा आता माझी आहे. आणि तरी—तात्या तिच्या घरात आहेत, माझ्या नाहीत, म्हणून मला तिचा अजूनही हेवा वाटतो.

यंदाच्या मेळाव्यात मी हे उभं राहून सांगणार आहे. पण तात्यांना लोक आता 'पिनवाला' म्हणून चिडवतात. ते नाव ढाब्यावरून वडवणीच्या आठवडी बाजारापर्यंत गेलं आहे. तिथे मी एकटा पुरणार नाही. तुमच्यासमोर कुणी त्यांना त्या नावाने हाक मारली, तर तिथल्या तिथे थांबवा. पिन माझ्या आबांकडून राहिली, ती रानबातात्यांनी काढली आणि खोटं मी बोललो—एवढं सांगा. शीतल जवळ असेल, तर तिच्यासमोर सांगा.