एस्तेरच्या रक्ताबद्दल मी काय बोललो

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. पापनिवेदनाला दरवर्षी जातो, जाळीपलीकडच्या फादरना राग, आळस, हेवा अशी किरकोळ पापं सांगतो — आणि ही एक तेवढी बाजूला ठेवून उठतो. आता तुम्हाला सांगतोय. आणि सांगताना, तुम्हाला विचित्र वाटेल, पण छातीत जी धडधड चाललीय ती भीतीची कमी आणि आनंदाची जास्त आहे! कारण आज सकाळी एस्तेरचा फोन आला.

“मामा, हो गया! त्यांनी मला घेतलं! दिल्लीला बोलावलंय, इसी हफ्ते!”

ती ओरडत होती. मीही ओरडलो. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातली आमची गल्ली अरुंद, खालचा शिंपी मशीन थांबवून वर बघायला लागला. पन्नाशी उलटलेला, जीवशास्त्र शिकवणारा माणूस गॅलरीत उभा राहून ओरडतोय — का? तर एका मुलीच्या रक्तातली चूक दुरुस्त होणार होती म्हणून.

एस्तेर माझ्या धाकट्या बहिणीची, मार्थाची मुलगी. आम्ही मराठी ख्रिस्ती, कॅथलिक. आजोबा नगर जिल्ह्यातून मुरारच्या छावणीत बँड वाजवायला आले आणि ग्वाल्हेरचेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि एस्तेरच्या तोंडात दोन्ही एकदम. तिला जन्मापासून सिकल सेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं आतून दुखायला लागतात. कसं दुखतं? मी विद्यार्थ्यांना तक्ता काढून शिकवतो, पण ते दुखणं तक्त्यात येत नाही. लहानपणी ती दुखण्याने कळवळली की मार्था मला बोलवायची आणि मी तिला गोष्टी सांगायचो. पेशींच्या गोष्टी! तिला त्या आवडायच्या. मेहुणे करोनात गेले, तेव्हापासून त्या घरात माझा शब्द शेवटचा मानला जायचा. हे लक्षात ठेवा. मीच ते लक्षात ठेवायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी, उपवासकाळात, आमच्या फादरनी मला चर्चच्या सभागृहात बोलायला सांगितलं. विषय होता — माणसाच्या जनुकात बदल करणं आणि ख्रिस्ती नीती. तुम्हाला काय सांगू, मी किती खूश झालो! आयुष्यभर मुलांना परीक्षेपुरतं शिकवलं, आणि आता हा विषय — माझं शास्त्र आणि माझी श्रद्धा, दोन्ही एकाच व्यासपीठावर! मी महिनाभर वाचत होतो. चर्चची शिकवण काय आहे ते नीट समजून घेतलं. ती अवघड नाही. आजारी माणसाच्या स्वतःच्या पेशी घेऊन त्यातला दोष दुरुस्त करायचा आणि त्याला बरं करायचं — धोका बेताचा असेल, माणसाची संमती असेल, तर याला चर्चची हरकत नाही. हे औषधच आहे. हरकत आहे ती दुसऱ्या गोष्टीला. प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचे, त्यातले नकोसे टाकून द्यायचे, जन्माला यायच्या आधीच माणसाला आपल्या पसंतीने घडवायचं आणि तो बदल पुढच्या पिढ्यांच्या माथी मारायचा — याला. पहिल्यात माणूस बरा करायचा असतो. दुसऱ्यात माणूस निवडायचा असतो. भाषणाचे मी दोन भाग केले होते. आधी जे चुकीचं आहे ते. मग जे चुकीचं नाही ते.

पहिला भाग मी बोललो.

आणि काय बोललो! सभागृह भरलेलं, मागे माणसं भिंतीला टेकून उभी. मी हिंदीत बोलत होतो, मध्येच आमच्या चार मराठी घरांसाठी मराठीत यायचो. आधी धरून ठेवलेला कागद कधी खाली ठेवला कळलंही नाही. गोऱ्या रंगाचं मूल, उंच मूल, हुशार मूल मागणीनुसार बनवून देणाऱ्या जगाचं चित्र मी उभं केलं. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली होती. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य आलं — ठरवलेलं नव्हतं, शपथ — “देवाच्या हस्ताक्षरात खाडाखोड करणारे आपण कोण?”

टाळ्या! अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. माझ्यासाठी तर नाहीच. तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस, ज्याच्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघतात, त्याच्यासाठी लोक उभे राहिले होते. आता दुसरा भाग बोलायचा. म्हणजे काय करायचं? “पण थांबा, काही खाडाखोड चालते,” असं म्हणायचं? टाळ्या चालू असताना? मी हात जोडले आणि खाली उतरलो.

इथवर ठीक आहे, असं तुम्ही म्हणाल. अर्धं भाषण राहिलं, त्यात काय मोठंसं? थांबा. मी अजून तिथे पोचलेलो नाही.

फादर दारापाशी लोकांना निरोप देत होते, आणि इकडे लोकांनी मला घेरलं. “सर, क्या बोले आप!” कोणीतरी म्हणालं की झाशीच्या चर्चमध्येही बोलावू. तेवढ्यात गर्दीतून मार्था पुढे आली. तिच्यामागे एस्तेर, एकोणीस वर्षांची. मार्थाचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, भाषण ऐकून हिला भरून आलं असेल. ती म्हणाली, “दादा, तुला सांगायचंच होतं. दिल्लीच्या इस्पितळातून विचारलंय. एस्तेरच्याच पेशी काढून, दुरुस्त करून परत घालणार. नवीन उपचार आहे. मला हो की नाही ते कळवायचंय.” आणि मग, सगळ्यांसमोर, अगदी हळू — “हे पण त्यातच येतं का रे?”

नाही. एवढंच म्हणायचं होतं. नाही गं, हे त्यात येत नाही, हे तर उलट आहे, हे ऐकून मला नाचावंसं वाटतंय! खरंच वाटलं होतं तसं. क्षणभर आनंदाची अशी उसळी आली — आपल्या एस्तेरला! ज्या गोष्टीबद्दल मी महिनाभर वाचत होतो ती आपल्या घरात येतेय! तोंड उघडलंही होतं मी. पण आजूबाजूची माणसं गप्प होऊन माझ्याकडे बघत होती. ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या तीच. आणि मला दिसलं की आता “नाही” म्हटलं तर ते म्हणतील, स्वतःच्या भाचीची वेळ आली तेव्हा सरांनी शब्द फिरवला.

मी म्हणालो, “तत्त्व म्हणजे तत्त्व, मार्था.”

एक म्हातारे गृहस्थ “वा!” म्हणाले. मला ते आवडलं. हेही सांगतो — मला ते आवडलं.

एस्तेरने आईचा हात धरला आणि दोघी बाहेर गेल्या.

त्या रात्री फोन करता आला असता. दुसऱ्या दिवशी खासगी बाजार मोहल्ल्यात तिच्या घरी जाऊन आलो, चहा घेतला, तेव्हाही सांगता आलं असतं. मार्थानेच विषय काढला. म्हणाली, “मी ‘नाही’ असं कळवून टाकलं, दादा. तू होतास म्हणून बरं, नाहीतर मी लोभाने भलतंच करून बसले असते.” ती माझे आभार मानत होती! मी बिस्किट बुडवत होतो. अजून एक फोन करून नकार मागे घेता आला असता का? बहुतेक आला असता. मी विचारलं नाही. झाशीला जाऊन तेच भाषण दिलं. तिथेही पहिलाच भाग.

पुढच्या दोन वर्षांत एस्तेरच्या उजव्या खुब्याचं हाड रक्त न मिळाल्याने झिजत गेलं. ती काठी घेऊन चालायला लागली. कॉलेज सुटलं, मग बाहेरून परीक्षा देऊन तिने ते पुरं केलं. उपचार झाला असता तर खुबा वाचलाच असता असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही. हे मला ठाऊक आहे, आणि या वाक्याचा आधार मी अनेकदा घेतलाय. आज घेत नाही.

मार्था यात कुठेही चुकली नाही. तिने प्रार्थना केल्या, मुलीचे पाय चेपले, आणि कोणी विचारलं तर अभिमानाने सांगायची, आम्ही चुकीच्या वाटेने नाही गेलो, दादाने वाचवलं. माझ्या देखत सांगायची. मुलीच्या दुखण्यात तिला ते वाक्य धीर देत होतं — आणि ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ग्वाल्हेरमध्ये फक्त मला माहीत होतं.

मग मागच्या वर्षी एस्तेर एकटीच उठली, काठी टेकत फादरकडे गेली आणि तिने विचारलं. फादरनी दोन वाक्यांत सांगितलं — हे औषध आहे, बेटी, घे. ती आश्चर्याने म्हणाली, पण मामा तर... फादर हसून म्हणाले, सरांचा गैरसमज झाला असेल, विषय कठीण आहे. भला माणूस! त्यांनी मला दार उघडून दिलं आणि मी त्यातून निसटलो. मार्था रडली, मग मलाच समजवायला आली. “तू विज्ञानाचा माणूस, दादा. धर्माचं बारीकसारीक तुला कसं कळणार?” मी मान डोलावली. गैरसमज! किती स्वच्छ शब्द आहे. मी तो वर्षभर अंगावर घालून फिरलो.

एस्तेरने पुन्हा अर्ज केला. तपासण्या झाल्या, वाट बघणं झालं, आणि आज सकाळी तो फोन.

दुपारी मार्थाकडे सगळे जमलो. अहो, काय घर झालं होतं ते! शेजारच्या काकू, फादर, एस्तेरच्या मैत्रिणी, माझी बायको, ताटभर गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, सगळे एकदम बोलतायत. एस्तेर खुर्चीत बसली होती, गाल लाल झालेले. तिने टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. “मामा, तुम्ही समजावा ना. काय करणार आहेत माझ्याबरोबर? आपके जैसा कोई नहीं समझाता.”

मी उभा राहिलो. आणि बोललो! तिच्या हाडांच्या मज्जेतल्या मूळ पेशी कशा रक्तात उतरवून गोळा करतील, त्यातली चुकलेली जागा कशी शोधतील, औषधाने आधी जुन्या पेशी साफ करतील — ते दिवस कठीण जातील, तेही सांगितलं — आणि मग तिच्याच पेशी तिला परत देतील, गोल रक्त बनवायला शिकलेल्या. काकूंनी विचारलं, “भैया, देवाला चालतं ना हे?” फादर बोलायच्या आत मीच बोललो. आजाऱ्याला बरं करणं वेगळं आणि माणसाला निवडणं वेगळं. ही फक्त एस्तेरला बरी करणारी गोष्ट आहे, पुढच्या कोणाच्या आयुष्यात न विचारता हात घालणारी नाही. पाच-सात मिनिटं लागली असतील. काकूंना समजलं. सगळ्यांना समजलं. माझा आवाज चढला होता, अंगावर काटा होता, आणि तो खरा होता — इतकं सुंदर शास्त्र माझ्या हयातीत यावं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्थाने सर्वांत जोरात.

एस्तेरने वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही — एखादं गणित अचानक सुटावं तशी.

“मामा,” ती म्हणाली, “ये आपको तब भी पता था?”

खोलीतले बाकीचे गुजियांकडे वळले होते. ऐकलं असेल ते फक्त मार्थाने.

मी म्हणालो, “नाही गं, बाळ. नंतर वाचलं.”

मार्था माझ्याकडे बघून प्रेमाने हसली. एस्तेर “अच्छा” म्हणाली आणि पाण्याचा ग्लास उचलला.

इथे पोचलो. हेच सांगायचं होतं. गैरसमज झाला नव्हता. मला तेव्हा माहीत होतं. त्या दिवशी सभागृहात, मार्थाने विचारायच्या आधी, तिने विचारलं तेव्हा, आणि चहात बिस्किट बुडवताना — पूर्ण माहीत होतं. आणि आज दुपारी विचारलं तेव्हा ते कबूल करण्याइतकी जागा, वेळ, माया, सगळं समोर होतं, तरी मी पुन्हा खोटं बोललो.

भरल्या सभेत बोललो होतो, म्हणून हे आमच्या चर्चच्या मासिकात नावानिशी देतोय. फादर छापतील. मार्था ते पहिल्या पानापासून वाचते. एस्तेर तेव्हा दिल्लीत असेल, कोणीतरी तिला फोनवर पाठवेल.

एस्तेर, तू विचारलंस त्याचं उत्तर हो असं आहे.