फोटोतलं घर माझं नाही

"इथं नको. हे घर चांगलं दिसतं," सर म्हणाले.

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. मी ओट्यावर उभा होतो. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पायात नव्या चपला. बाबा माझ्या मागे दारात उभे होते. त्यांच्या नखांत अजून निळा रंग अडकलेला होता.

सर येणार म्हणून आठवडाभर कामावरून आल्यावर बाबांनी घर रंगवलं होतं. बाबा गवंडी. केनवडच्या आसपास त्यांनी कितीतरी लोकांची घरं बांधली. आमचं मात्र एक भिंत या उन्हाळ्यात, एक पुढच्या, असं करत उभं राहिलं. दोन खोल्या, वर स्लॅब, समोर ओटा. ओट्याची घोटाई अशी की हात फिरवला तर कुठे अडत नाही. चौकटीवर त्यांनी स्वतः वाकड्यातिकड्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलं. मायनं पोहे करून ठेवले. आमची चूक म्हणाल तर एवढीच. पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही घर सजवलं.

"बरं, राहता कुठे तुम्ही?" सरांनी विचारलं.

"इथंच, सर."

"तसं नाही, बेटा. तू कुठून आलास ते लोकांना दिसलं पाहिजे ना."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर शेवंताकाकूच्या बकऱ्यांचा कोठा होता. चार बल्ल्या, वर गंजलेले टिनपत्रे, एका बाजूला फाटकं पोतं. सरांचा चेहरा खुलला.

मला शर्ट काढायला लावला. बनियनवर उभं केलं. चपला काढायला लावल्या. हातात एक जुनं पुस्तक दिलं. बकऱ्या बाहेर होत्या, त्या आत हाकलल्या. "हसू नकोस," सर म्हणाले. मी हसत नव्हतोच.

तेवढ्यात सरांचा पाय शेणात पडणार होता. बाबा धावत आले आणि त्यांनी शेण हातानं बाजूला केलं. जिथे आपल्याच पोराला भिकारी करून उभं केलंय, तिथली वाट माझा बाप साफ करत होता. आणि मी पुस्तक धरून कॅमेऱ्याकडे पाहत होतो. हे आठवलं की आजही तोंड कडू होतं.

सर वाईट नव्हते. तेच तर अवघड आहे. वाशीमच्या एका संस्थेनं आमच्यासारख्या वस्त्यांमधल्या तरुण पोरांसाठी उपक्रम सुरू केला होता. बारावी झालेल्या प्रत्येकाला एक मार्गदर्शक. दर रविवारी शिकवणी, अभ्यासिकेत जागा, मुलाखतीची तयारी. सर माझे मार्गदर्शक. रिटायर प्राध्यापक. गणित असं शिकवायचे की डोक्यात दिवा लागावा. मी चुकलो तर पुन्हा समजावून सांगायचे, कधी ओरडले नाहीत. आमच्या घराण्यात अभियांत्रिकीला कोणी गेलं नव्हतं. मला जायचं होतं. ती अभ्यासिकेतली खुर्ची माझ्यासाठी सगळं काही होती. म्हणून मी बनियनवर उभा राहिलो.

मायचे पोहे कुणी खाल्ले नाहीत. "आत्ताच जेवून निघालो," सर म्हणाले. पाण्याची बाटली त्यांच्या गाडीत होती.

मग वाशीमला संस्थेचा कार्यक्रम झाला. बाबा पांढरा शर्ट घालून आले, मागच्या रांगेत बसले. मला स्टेजवर घेतलं. मागे पडद्यावर तो फोटो आला. बकऱ्या, टिनपत्रे, बनियनमधला मी. हॉलमध्ये बायांनी 'अरेरे' केलं.

सर माइकवर म्हणाले, "हे याचं घर. घरात वळण नाही, पुस्तक नाही. बाप असून नसल्यासारखा, व्यसनात बुडालेला. तिथून आपण या मुलाला बाहेर काढलं."

माझ्या बापानं उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. सरांनी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या वस्तीतला बाप म्हणजे असाच असणार, हे ते धरून चालले होते. बाबा हॉलमध्ये आहेत, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माइक माझ्यापासून हातभर लांब होता.

माझ्या हातात गुच्छ दिला गेला. मी तो सरांना दिला. वाकून पाया पडलो. टाळ्या झाल्या. मान वर केली तेव्हा बाबांना शोधलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. पडद्याकडे पाहत होते. दुसऱ्या गवंड्याचं काम पाहावं तसे, एकटक.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. वाटेतलं मालेगाव मागे पडलं. मग बाबा खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "तो कोठा म्या नाही बांधला."

बस्स. एवढंच. मला वाटलं, एसटीतून उडी मारावी. स्टेजवर मला घराची लाज वाटली होती, बापाची वाटली होती. एसटीत मला माझी वाटली. आणि ही लाज दुसऱ्या कुणी दिलेली नव्हती.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. पुण्याहून देणगी देणारे पाहुणे येणार होते. "तिथंच उभा राहा, कोठ्यापाशी. आणि वडिलांना म्हणावं, थोडं लांब राहा. त्यांना बोलता येणार नाही नीट."

मी हो म्हणालो. सवयच लागली होती. पण गाडी वस्तीत शिरली तेव्हा माझे पाय कोठ्याकडे गेले नाहीत. मी ओट्यावर उभा राहिलो. शर्ट घालून.

"इकडे ये, बेटा. इथे का थांबलास?" सर म्हणाले.

"सर, माह्यं घर हे आहे. ते बकऱ्यायचं आहे."

"पाहुण्यांसमोर असं बोलू नये."

"पाहुण्यायलेच सांगून राह्यलो." मी पाहुण्यांकडे वळलो. "घर पाह्याचं असन तर जोडे काढा अन् या. बाबा, बाहेर या. हे माहे बाबा. हे घर त्यायनं बांधलं. दारू पेत नाही ते. कधीच नाही."

बाबा दारात आले, हात पुसत. पाहुण्यांतली एक बाई खाली वाकून सॅंडलचा पट्टा सोडू लागली. सरांनी तिच्या दंडाला हात लावला. "राहू द्या. उशीर होतोय."

जाताना सर मला हळूच म्हणाले, "इतकं केलं तुझ्यासाठी. उपकाराची जाण मात्र शिकवायची राहिली."

पुढच्या रविवारी माझ्या खुर्चीवर दुसरा कुणी होता.

बाबांनी पाठ थोपटली नाही. उलट ओरडले. "कायले बोलला तू? शिकून घ्याचं होतं ना आंधी! घराचं काय, घर तं उभंच आहे." ते खरंच होतं. माझं एक वर्ष वाया गेलं. विहारात बसून, वस्तीतल्या मोठ्या पोरांकडून शिकून, दुसऱ्या खेपेला अभियांत्रिकीला माझा नंबर लागला. आता मी वाशीमलाच इंजिनिअर आहे. विहारात रविवारी पोरांना गणित शिकवतो. सरांच्याच पद्धतीनं. त्याचीही कधी कधी लाज वाटते, पण ती पद्धत चांगली आहे, मी ती सोडणार नाही.

तो फोटो मात्र संस्थेत आहे. जिन्याच्या भिंतीवर, मोठा करून, काचेत. माझ्याच वस्तीतली पोरं चौकशीला गेली की त्याच्याखालून वर जातात. मीही एकदा गेलो होतो. मान खाली घालून पुढे निघून आलो होतो.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज थकलेला, पण गोड. "तू आमचाच. आता तू मार्गदर्शक हो. शेवंताबाईंचा नातू बारावी झालाय म्हणे. त्याला आण. येताना घराचा एखादा फोटो घेऊन ये फक्त."



"सर, कोणाच्याच घराचा फोटो भेटणार नाही," मी म्हणालो. "अन् माहा तो आंधी उतरवा."

"अरे, तो पक्का बसवलाय. काढायला गेलं तर भिंतीचा गिलावा पडेल."

"माहे बाबा गवंडी आहेत, सर."

फोन ठेवला आणि बाबांना सगळं सांगितलं. उठून त्यांनी हातोडी आणि छिन्नी पिशवीत टाकली.

सोमवारी आम्ही दोघं जातोय. तो फोटो खाली आल्याशिवाय त्या जिन्यावरून हलणार नाही.